ओळीतली आठवी

आमच्या नदीवर सायकलीपुरता पूल होणार, असं सरपंच आदिनाथनं चावडीवर सांगितलं तेव्हा सगळ्यांत जास्त मी हरखले. शाळा पलीकडच्या काठाला. माझी नात छकुली यंदा आठवीत जाणार. पावसाळ्यात नदी भरली की आमच्या पोरींच्या सायकली भिंतीला टेकून गंजतात, आणि एक-दोन वर्षांत त्यांची शाळाच सुटते.

भूमिपूजन वैशाखात ठेवलं. नदी ठणठणीत कोरडी. मंडप घातला, नवी कुदळ आणली. पण आमच्याकडे नदीकाठी कुदळ मारायच्या आधी साती आसरांना, पाण्यातल्या सात देवींना, विचारावं लागतं. सात कुमारिका ओळीनं बसवायच्या, पाय धुवायचे, एकेकीची ओटी भरायची. पाय धुणारीनं मान वर करायची नाही. तेवढा वेळ त्या पोरी नसतात, आसरा असतात. ओट्या सातच, आठवी चालत नाही. आणि ओळीत बसलेली पोर ओटीवाचून उठली तर ती पाण्याची झाली, पाणी तिला ओढून नेतं, असं मानतात.

हे काम गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईचं, म्हणजे माझं. मी ते नको म्हणत होते. सत्तर वर्षांपूर्वी मेंढरं पलीकडे नेताना नदीच्या ह्याच उतारावरून माझी धाकटी बहीण कडूबाई वाहून गेली. आईनं तिला माझ्या हवाली केलं होतं. ती सापडलीच नाही. पुढं मला गावातच, मामाच्या घरी दिलं, त्यामुळे नदी काही सुटली नाही.

छकुली ओळीत शेवटी बसली. मी खाली बघून सुरुवात केली. धुळीनं भरलेले पाय. एकीच्या नखांना लाल रंग, एकीच्या घोट्याला सायकलच्या चेनचं काळं. सहा ओट्या झाल्या. ताटात एक उरली.

पुढचे पाय आधीच ओले होते.

बोटांच्या बेचक्यांत काळा गाळ होता. डाव्या पायाची करंगळी मेंढीनं तुडवून वाकडी झालेली. ती करंगळी मी ओळखते. त्यांच्या पलीकडे आणखी दोन पाय होते, सँडलच्या पट्ट्याचा पांढरा वण असलेले. ते छकुलीचे.

माझा हात ताटावरच थांबला. मागून कांताबाई म्हणाली, "सोनूबाई, पूल होईस्तोवर पाय धुत बसती का?" बाया हसल्या.

तेवढ्यात अगदी समोरून, हळू आवाजात कुणी विचारलं, "बाई, माझी?"

थोरल्या बहिणीला आमच्यात बाई म्हणतात, आणि मला तसं म्हणणारी कडूबाई एकटीच होती. तरी मी तशीच बाजूला सरकले, छकुलीचे पाय धुतले आणि शेवटची ओटी तिच्या पदरात टाकली.

मान वर केली तर पोरी सातच. छकुली आणि तिच्या शेजारणीच्या मधे एका माणसाची जागा मोकळी होती, आणि तिथली माती ओली होती.

"आज्जे, हिला का न्हाई दिली?" छकुलीनं त्या जागेकडे बघत विचारलं.

मी तिला उठवून तिच्या आईकडे दिलं. तिकडे आदिनाथनं कुदळ मारली, टाळ्या वाजल्या, पेढे वाटायला लागले. ओल्या जागेपासून लहान पावलं निघाली होती. ती नदीत उतरत नव्हती, गावाकडे चढत होती. वैशाखाच्या उन्हातही वाळत नव्हती. लोक त्यांवरून ये-जा करत होते, कुणी खाली बघितलं नाही.

मी त्यांच्या मागं गेले. मारुतीच्या पारावरून, पिठाच्या गिरणीवरून ती थेट आमच्या दाराशी आली आणि उंबऱ्याच्या बाहेर थांबली, जोडीनं, कुणी उभं असावं तशी. घर उघडं होतं, आत कुणी नव्हतं. थोड्या वेळात छकुली परतणार होती.

मी उंबऱ्यावर बसले. एकदा तिला ओळीत टाळलं होतं. आता दारातून कसं घालवायचं?

"कडे," मी म्हणाले, "घर तुझंच हाय. आत ये, ऱ्हा. पण ह्या पोरीला पाण्याकडं न्यायचं न्हाई. ती पुलावरून जाईल. बिलकुल न्यायचं न्हाई."

मग आतल्या कोरड्या फरशीवर एक ओलं पाऊल उमटलं. मी पाय जवळ घेऊन तिला वाट दिली.