आसारामची इंग्रजी वही

वही चुलीत घातली तेव्हा झुंबरबाईला वाटलं, आपण नवऱ्याला वाचवलं. तासाभरानं चावडीत उभी राहिली तेव्हा तिला कळलं, आपणच त्याला अडकवलं.

एकाहत्तरचा डिसेंबर होता. लढाई जुंपून चार-पाच दिवस झाले होते. नगरला दिव्यांवर काळे कागद चढले होते आणि तिसगावचा बाजार करून येणारा जो तो भाजीबरोबर हेराची एक गोष्ट घेऊन येत होता. कुठं म्हणे गोसाव्याच्या झोळीत बिनतारी यंत्र निघालं, कुठं म्हणे आंधळा भिकारी लष्कराच्या गाड्या मोजत होता. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात ते काही खोटं नाही. वस्तीलाही आपला म्हणून एक हेर हवाच होता, आणि तो झुंबरबाईनं पुडीत बांधून दिला.

झालं असं की आसारामच्या वहीतून एक पान सुटलं होतं. तिनं त्यात मिसरी बांधून शेजारच्या आक्काबाईला दिली. आक्काबाईच्या ओट्यावर पोलीस पाटील आबासाहेब घटकाभर टेकले आणि त्यांनी ती पुडी उलगडली. आबासाहेबांना अक्षराला अक्षर जोडून इंग्रजी वाचता येई. दुसऱ्याला गोत्यात आणायला तेवढं पुरतं. पानावर त्यांना 'टँक' दिसलं, खाली 'गन' दिसलं. बाकीचे शब्द ओळखू आले नाहीत, म्हणून ते जास्तच घाबरले.

आता आसारामकडे असली वही आली कुठून? तो बारा वर्षं नगरच्या लष्करी कॅम्पात, साहेबलोकांच्या मेसमध्ये बेअरा होता. तिथं संध्याकाळी एक खेळ चाले. लाकडी ठोकळ्यांवर इंग्रजी अक्षरं, प्रत्येक अक्षराला गुण, आणि पटावर शब्द जोडायचे. एका कर्नलसाहेबांच्या बाईंना गडी कमी पडला की त्या आसारामला ट्रे खाली ठेवून बसायला सांगत. सातवी शिकलेला माणूस, पण ईर्षा दांडगी. तो शब्द जमवायला लागला. चार अक्षरांचे वर, तीन अक्षरांचे खाली, शेवट सारखा असलेले एका ओळीत. बाप वारल्यावर शेती बघायला तो गावी आला, पण वही सुटली नाही. खेळायला मात्र वस्तीत कोण मिळणार? पहाटे झुंबरबाई आणि आक्काबाई जात्यावर बसत, तेव्हा तो भिंतीला टेकून पोरानं पाढे घोकावेत तसा ओळी घोकत राही.

त्या दिवशी आक्काबाई धापा टाकत आली. फौजदार जीप घेऊन आलाय, आसारामला शेतातून उचललंय आणि सगळे वहीचं विचारतायत, असं तिनं सांगितलं. वहीच नसली तर पुरावा कसला, एवढंच झुंबरबाईला सुचलं. बारा वर्षांची वही जळायला एक भाकरी भाजण्याइतकाही वेळ लागला नाही.

चावडीत आसाराम भिंतीशी उभा होता. थंडीचे दिवस, तरी त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. फौजदार माणूस वाईट नव्हता, पण तोही भ्यालेलाच होता. हातून हेर सुटला तर नोकरी जायची. त्याच्यापुढं ते पान होतं. सारख्या लांबीचे शब्द, एका रांगेत, बाजूला आकडे. गुप्त लिपी अशीच असते, असं तो आबासाहेबांना समजावत होता. आणि त्यात माणूस लष्करी कॅम्पातला. आसाराम आपला एकच सांगत होता की हा खेळ आहे. बायको दारात दिसली तसा त्याच्या जिवात जीव आला.

"अगं, वही घिऊन ये," तो म्हणाला. "सायबास्नी सारी वही दाव."

खोटं बोलावं तर काय बोलावं, झुंबरबाईला सुचेना.

"जाळली म्या," ती म्हणाली.

आसारामनं तिच्याकडं जे पाहिलं ते ती जन्मात विसरली नाही. फौजदारानं पेनाला टोपण लावलं.

"खेळाची वही कुणी जाळतं का, बाई?"

मग तो आसारामकडं वळला. बारा वर्षं घोकलंस म्हणतोस, तर पानावर काय आहे ते न बघता सांग, नाहीतर बस जीपमध्ये, नगरला सांग. आसारामनं तोंड उघडलं. ओठ हलले, पण शब्द एक फुटेना. भीतीनं त्याची सगळी पाटी पुसून टाकली होती. शिपायानं त्याचा दंड धरला.

आता नेतात, हे झुंबरबाईला कळलं. नगरला नेलेला माणूस परत कधी येतो, कसा येतो, कोण सांगणार? तिचा हात खांबाला लागला, आणि जात्याचा खुंटा धरावा तसा तिनं तो धरला.

"बँक, डँक, हँक, लँक," ती म्हणाली. आवाज फाटला होता. "रँक, सँक, टँक, यँक."

फौजदारानं पान उचललं. त्याचं बोट शब्दावरून शब्दावर सरकू लागलं.

"बन, डन, फन, गन..."

पुढचं दाराबाहेरून आलं. आक्काबाई होती. जात्यावर एकीनं ओळ सोडली की दुसरीनं उचलायची, तशी तिनं ती उचलली होती. पान संपलं तरी दोघी थांबल्या नाहीत. थांबलो तर नेतील, अशा भीतीनं म्हणतच राहिल्या. शेवटी फौजदारानंच हात वर केला. वाचता येतं का, याचा अर्थ माहीत आहे का, असं त्यानं विचारलं.

"न्हाई सायेब. दळताना म्हनतो आमी," झुंबरबाई म्हणाली. "चोरीचं आसतं तर जात्यावर म्हनलं आसतं का? सारी वस्ती ऐकती."

आबासाहेबांनी मान खाली घातली. त्यांचं घर झुंबरबाईच्या घरापासून तिसरंच होतं.

फौजदारानं आसारामला सोडलं. पान मात्र ठेवून घेतलं आणि लढाई संपेपर्यंत वस्ती सोडायची नाही, अशी तंबी दिली. घरी येऊन आसाराम चुलीपुढं बसला आणि काडीनं राख उकरत राहिला. तो एक शब्द रागानं बोलला नाही. बोलला असता तर झुंबरबाईला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघी जात्यावर बसल्या. आसारामनं पोराची कोरी वही मांडीवर घेतली. झुंबरबाई पहिल्यापासून सांगत गेली, तो लिहीत गेला.

"रँक," ती म्हणाली. "सँक."

बाहेर कुणाच्या तरी वहाणा वाजत गेल्या. तिघांनी दाराकडं पाहिलं. जातं एक फेरा मुकाट फिरलं. आसारामनं 'टँक'ची जागा कोरी सोडली, आणि झुंबरबाई हळूच म्हणाली, "यँक."