क्लिपवरची काजळी

राजेश्रीनं आधी पेट्रोलचा कॉक बंद केला, मग मोटारसायकलच्या टाकीखाली हात घालून रबरी नळी ओढली. नळी अलगद हातात आली. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरकडं नेणारी ही वीतभर नळी, आणि तिला जागेवर धरून ठेवणारी तारेची क्लिप. चार दिवसांपूर्वी बसवलेली नवीकोरी क्लिप तोंड वासून सैल पडली होती.

"पंधरा दिसांत तिसऱ्यांदा, ताई," अमृत म्हणाला. गाडी ढकलत आणल्यानं त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. "सकाळी बघावं तर सगळं पेट्रोल खाली. मला परभणीला दुकान उघडायचं असतंय. मालक रोज ऐकून घ्यायलाय का?"

समोरच्या हॉटेलात बन्सीधर चहा गाळत होता. बाकड्यावरची माणसं कप हातात धरून इकडंच बघत होती. पेडगाव फाट्यावरचं हे गॅरेज परमेश्वर मिस्त्रींचं. त्यांची कंबर धरली आणि सहा महिन्यांमागं राजेश्रीनं, त्यांच्या लेकीनं, ते पुन्हा उघडलं. बाईच्या हातानं नट आवळत असतोय का, असं बन्सीधर पहिल्याच दिवशी म्हणाला होता. त्यानंतर एकही गाडी त्याच दुखण्यासाठी तिच्याकडं परत आली नव्हती. ही एक सोडून.

तिनं क्लिप उजेडात धरली. हादऱ्यानं सैल झालेली क्लिप हळूहळू सरकते. ही तर फाकवलेली होती. तिच्या दोन्ही कानांवर रुंद, बोथट दाबाच्या खुणा होत्या. राजेश्रीच्या पक्कडीचे दात बारीक होते. तिनं अंगठ्यानं क्लिप पुसली. अंगठा काळा झाला. बोटांत चोळून बघितलं, तर ग्रीस नव्हतं. कोरडी भुकटी होती, चुलीवरच्या भांड्याला बसते तशी.

तिनं अंगठा ओढणीला पुसला. नळी जागेवर बसवली, क्लिप दाबली आणि बाटलीतलं पेट्रोल टाकीत ओतलं.

"तुमी चहा घ्या, अमृतभाऊ. मी एक चक्कर मारून बघते."

चक्कर तिनं गावात नेली, थेट अमृतच्या घरापुढं. त्याची आई, सरजाबाई, अंगणातल्या चुलीवर पाणी तापवत होती. गाडीच्या आवाजानं तिनं मान वर केली आणि लेकाच्या जागी राजेश्रीला बघून तिचा हात थांबला. हातात सांडशी होती. रुंद तोंडाची, काळीभोर.

राजेश्री चुलीसमोर उकिडवी बसली.

"मावशी, नळी तुमीच काढता ना?"

सरजाबाईनं एक लाकूड आत सारलं. "अमृतला सांगितलंस?"

"न्हाई."

तिनं एकदा रस्त्याकडं बघितलं. मग बोलली, ते शेजारच्या भिंतीलाही ऐकू जाऊ नये इतकं हळू.

"दोनदा पडला, पोरी. एकदा हितं न्हानीपशी, एकदा रानात. डोळे फिरले, दातखिळी बसली. डॉक्टर म्हनला, गोळ्या लागू पडंस्तोर गाडी धरायची न्हाई. ह्यो ऐकंना. मालकाला कळलं तर काढून टाकंल म्हनतो. कुनापशी बोलू नको म्हून मला आन घातलीया. अन् लेकीला, दीपिकाला, म्होरं टाकीवर बसवून शाळंत सोडायलाय."

"म्हून नळी काढता."

"मला दुसरं काय येतंय?"

"मावशी, ढिली नळी रस्त्यात सुटली तर पेट्रोल तापल्या इंजिनावर पडतंय. गाडी पेट घेती. नात त्याच टाकीवर बसलेली असती."

सांडशी सरजाबाईच्या हातातून राखेत पडली. तिनं ती उचलली नाही. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "मंग म्या काय करू?"

राजेश्री उठली, गाडीपाशी गेली आणि परत वळली.

"तुमी आता गाडीला हात लावू नका. तिचं मी बघते."

फाट्याच्या अलीकडं, हॉटेलाचं पत्र्याचं छप्पर दिसायला लागलं तिथं तिनं गाडी बाजूला घेतली. सांडशीची गोष्ट चारचौघांत सांगितली असती तर बन्सीधर जन्मात पुन्हा काही बोलला नसता. इंजिन फटफटत राहिलं. मग तिनं गिअर टाकला.

गॅरेजपुढं उतरून तिनं चावी काढली आणि कुर्त्याच्या खिशात घातली.

"झालं?" अमृतनं विचारलं.

"न्हाई." बाकड्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात ती म्हणाली, "मला जमलं न्हाई, भाऊ. कुठं चुकायलंय कळंना. गाडी हितंच राहू द्या."

बाकड्यावर कुणीतरी हसलं.

"मग दुसरीकडं नेतो. चावी द्या."

ती त्याच्या अगदी जवळ गेली. आता तिचा आवाज दोघांपुरता होता.

"चावी न्हाई देणार. मावशीला संगं घेऊन डॉक्टरकडं जावा. ते हो म्हनतील त्या दिशी गाडी घेऊन जा."

अमृतचा चेहरा उतरला. त्यानं एकवार बाकड्याकडं बघितलं.

"आईनं सांगितलं?"

"क्लिपवर चुलीची काजळी दिसली, म्हून मीच जाऊन इच्यारलं. कुनाला सांगायची न्हाई. पन चावी मिळायची न्हाई."

त्यानं मूठ आवळली. ओरडला असता, तर बाकड्यावरच्या माणसांनी कारण विचारलं असतं. ती समोरून हलली नाही. बाजूनं ऊस भरलेला ट्रॅक्टर गेला, त्याची धूळ दोघांच्या अंगावर बसली, तरी हलली नाही. हळूहळू त्याची मूठ सुटली. हँडलला अडकवलेली डब्याची पिशवी त्यानं काढून घेतली.

"दीपिकाची शाळा हाय," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"मी रोज गावातूनच येते. तिला सोडत जाईन."

तो रस्ता ओलांडून एसटीच्या थांब्यावर जाऊन उभा राहिला, गॅरेजकडं पाठ करून.

"मिस्त्री असते तर पाच मिनिटांचं काम होतं," बन्सीधर कुणालातरी सांगत होता.

राजेश्रीनं गाडी आत ओढून भिंतीला लावली. नळीचं फाकलेलं टोक कापलं आणि ती पुन्हा चढवली. या वेळी तारेची नाही, स्क्रूची क्लिप घेतली, स्क्रू फिरेनासा होईपर्यंत आवळली. मग कॉक उघडला आणि जोडाखाली बोट धरून ती बसून राहिली. एसटी आली, थांबली, निघून गेली. बोट कोरडं होतं.