टाळी जुळते, गाणं जुळत नाही

टाळी जुळत होती, पण गाणं जुळत नव्हतं. सकाळपासून अश्वजित संगणकावर मायच्या गाण्याचा आवाज चित्रावर बसवायला मागेपुढे सरकवत होता आणि आता त्याच्या डोळ्यांना काही कळेनासं झालं होतं.

चूक त्याचीच. वडनेरला शूटिंगला निघताना आवाज आणि चित्र जुळवायला वाजवतात ती क्लॅपची पाटी आर्वीत विसरला. आवाज वेगळ्या यंत्रावर घ्यायचा, म्हणून खुणेसाठी मायसोबत गाणाऱ्या पंचफुलाबाईंना एक टाळी वाजवायला सांगितलं. गाण्याला बसलेल्या बाया त्या, एका टाळीवर थांबतात होय! सगळ्यांनी तालच धरला. कॅमेरा सुरू होईपर्यंत गाणं निघालंही होतं. आता कुठलीही टाळी कुठल्याही टाळीवर बसत होती. मायचे ओठ पाहावेत, तर माय, म्हणजे जिजाबाई, माइक तोंडाला टेकवून गाणारी.

पुन्हा घेऊ म्हणायचीही सोय नव्हती. त्यानंतर तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला.

बहीण नंदिनी धापा टाकत आली. "दादा, फिल्म पाहाले हॉलमंदी लोकं येऊन बसले. काढून टाक थे गाणं."

"काऊन काढू? मायचा आवाज एवढाच उरला."

"मंग असा उसना आणल्यासारखा दाखवशीन काय तिले?"

अश्वजितला राग आला, कारण ती खरं बोलत होती. त्याने मान वळवली तर दारात माय उभी. तिने सगळं ऐकलं होतं.

जिजाबाई आत आली आणि तिने आवाज बंद करायची खूण केली. पडद्यावर मुकं गाणं सुरू झालं. स्वतःचा गळा, भुवया, मध्येच घेतलेला श्वास बघत ती नुसते ओठ हलवू लागली. अश्वजितने पडदा सोडून तिच्याकडेच डोळे लावले. दुसऱ्या कडव्याचा पहिला शब्द तिच्या ओठांवर आला तशी त्याने खूण केली, यंत्रातला तोच शब्द आणून तिथे बसवला आणि गाणं पुन्हा पहिल्यापासून लावून आवाज सोडला.

खोलीत मायचा आवाज भरला. समोर मायचे ओठ हलत होते. एकही अक्षर इकडचं तिकडे नाही. माय गात होती!

"जमलं माय! जमलं वं!" नंदिनी ओरडली.

मग जिजाबाईने तोंड मिटलं. गाणं चालूच राहिलं. ती खाली बसली आणि परक्या बाईचं ऐकावं तसं शेवटपर्यंत ऐकत राहिली.