बांधावरच्या पेट्या

आपलं कुरण फुललं तर खरा फायदा दिराचा, हे वहिनीला पहिल्यापासून ठाऊक होतं. बांधावर त्याच्या मधपेट्या होत्या. म्हणून तर तीन वर्षं तो कुरणात बाहेरून घुसलेलं उपरं गवत मुळासकट उपटत होता, कण्हत होता आणि वर चहा मागत होता. निव्वळ परोपकारासाठी कोणी एवढी पाठ मोडून घेत नाही.

यंदा इथली जुनी रानफुलं परतली. पिवळी, जांभळी, नाव न सांगता येणारी. वहिनी मात्र उघड्या मातीतल्या एका बारीक बिळाशी गुडघे टेकून बसली होती. बिळातून काळी, दाण्याएवढी रानमाशी, मातीत घर करणारी जंगली मधमाशी, निघाली, फुलाफुलांवर घुटमळली. प्रत्येक फुलावर दिराची मधमाशी आधीच बसलेली. रानमाशी तशीच परत आली.

"भावजी, पेट्या हलवा."

तो धुराचं भांडं पेटवत होता. "कुठे? सावलीत?"

"टेकडीपलीकडे."

"माझ्या माश्यांनी काय घोडं मारलंय?"

"सगळी फुलं पुसून नेतात. त्यांना अडीअडचणीला पाक पाजणारा मालक आहे. हिला कोण आहे?"

"मग मी तीन वर्षं राबलो ते फुकट?"

"फुकट कसं? चहा दिला की."

"साखर कमी असायची."

"डॉक्टरला विचारा."

तो हसला नाही. टोपी काढून बिळाजवळ पालथा पडला आणि बघत राहिला. रानमाशी पुन्हा गेली, पुन्हा आली.

"पायांना परागाचा कण नाही," तो उठत म्हणाला. मग गुडघे झटकत राहिला, माती निघून गेल्यावरही. "टेकडी चढून पेट्या बघायच्या आणि शिवाय इकडेही यायचं, हे आता या गुडघ्यांना झेपायचं नाही, वहिनी."

"माहीत आहे."

त्याचा भाऊ वारल्यापासून तो रोज सकाळी पेट्या बघायला यायचा. पेट्या रोज बघाव्या लागत नाहीत. वहिनीनं ते कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"तरी हलवू?"

"हलवा."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत गाडी आली आणि गेली. मागे राहिलेल्या चारदोन मधमाश्या पेट्यांच्या रिकाम्या दगडांवर घोंगावत होत्या. सवय.

वहिनीनंही चहाचं आधण दोघांचं ठेवलं होतं.

ऊन चढलं तेव्हा काळी माशी बिळाशी उतरली, पाय पिवळेधमक. फुलं तिला मिळाली. दिराचा कुरणातला मध गेला. दुसरा कप वहिनीनं गार झाल्यावर प्यायला, आणि खुरपं घेऊन ती एकटीच कुरणात उतरली.