दुहेरी पाकळी

रुफिनाबाईने मांडीवरची लेसची चौकट झटकन उलटी केली. माणूस दुकानात कधी शिरला, तिला कळलंच नव्हतं. त्याच्या पायांत दोरीच्या तळाचे बूट होते. इताउग्वा गावात पोलिसांच्या खबऱ्यांना, त्यांचं पाऊल वाजत नाही म्हणून, केसाळ पायांचे म्हणतात, ते काही उगाच नाही.

"घाबरू नका बाई. मी नोटा जमवतो."

"घाबरतं माझं खेटर! दारात खाकरावं, एवढं आईनं शिकवलं नाही वाटतं?"

तो हसला. त्याने पाच गुआरानीची नोट उजेडात धरली. घडा घेतलेली मुलगी, खाली सह्या, आकडे, कागदातले बारीक रंगीत तंतूसुद्धा.

"खोटी आहे," तो म्हणाला. "पाच गुआरानीसाठी एवढी मेहनत कोण घेतं? म्हणून तर हौशी लोक हिच्यासाठी वेडे झालेत. सगळं जिथल्या तिथे आहे. फक्त हे नक्षीचं चक्र बघा. खऱ्या नोटेवर ते यंत्राने कोरलेलं असतं, सगळ्या पाकळ्या सारख्या. इथे एक दुहेरी. हा लेस विणणाऱ्या घरातला हात आहे. मला फक्त त्याला भेटायचंय."

रुफिनाबाईने ती लगेच ओळखली. ती पाकळी तिची होती. लिहिता येत नाही, म्हणून सहीच्या जागी ती प्रत्येक लेसमध्ये एक पाकळी दुहेरी घालायची. पेन्सिल धरायला विल्फ्रिदो, तिचा मुलगा, याच चक्रांवर शिकला होता. आता तो राजधानीतल्या छापखान्यात नक्षी कोरायचा, आणि या घटकेला हातभर अंतरावर, पडद्यामागे जेवत बसला होता. त्याचा चमचा वाजायचा थांबला. देशावर राज्य करणाऱ्या जनरलच्या पोलिसांनी नेलेली पोरं परत आलेली तिने पाहिली नव्हती.

"मला मेलीला दिसतंय कुठे! समोर विचारा."

शब्द तोंडून गेले आणि तिने जीभ चावली. समोरच्या लेसच्या दुकानात तोमासा होती. माझी पाकळी चोरली म्हणून अकरा वर्षांपूर्वी रुफिनाबाईने तिला चर्चच्या पायरीवर, चारचौघींत सोलून काढलं होतं. त्यानंतर तोमासाने ती पाकळी कधी घातली नाही, की हिच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

माणूस रस्ता ओलांडून गेला. तोमासाने नोट डोळ्यांजवळ नेली. मग मान वर करून सरळ इकडे पाहिलं. रुफिनाबाईच्या बोटात सुई शिरली, तिला समजलंही नाही.

"ही होय!" तोमासाचा आवाज रस्ताभर गेला. "ही पाकळी माझी. चोरली अख्ख्या गल्लीनं. आता शेंबड्या पोरीसुद्धा घालतात. आणि पहिली चोर ती बघा, समोर बसलीय!"

दोन-तीन दुकानांतून बायका डोकावल्या. माणूस वळला.

"खरं का हो, बाई?"

रुफिनाबाई उठली. पाकळी अख्ख्या गल्लीची ठरली, तर कुठल्याच एका घराची राहत नव्हती. उभ्या जन्मात तिने कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं.

"खरंय," ती म्हणाली. मग पुन्हा, रस्त्यापलीकडे जाईल असं, "चोरली हो मी, तोमासाबाई!"

"अकरा वर्षं लागली कबूल करायला," तोमासा म्हणाली आणि तिने माणसापुढे स्टूल सरकवलं. "बसा. करून दाखवते."

तिने कोऱ्या चौकटीवर दोरा ताणला. एक फेरा, दुसरा, आणि हात न अडखळता एक पाकळी दुहेरी झाली.

रुफिनाबाईने इतक्या लांबूनही पाहिलं. टाका बिनचूक होता.