तीन वह्यांतला एकच माणूस

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. माझ्यावर कधी पाढे लिहिले गेले नाहीत, सुविचारही नाहीत. माझ्यावर लिहिलं जायचं ते एवढंच : कोण जेवलं, कोणी गोळी घेतली, कोणाला झोप लागली नाही. साधीच वाक्यं आहेत ही. पण त्यांची मला जेवढी भीती वाटत आली, तेवढी वाळवीचीही कधी वाटली नाही.

माझा जन्म २००४ साली बीदरबाहेरच्या कोळार औद्योगिक वसाहतीत झाला. तिथल्या एका कारखान्यात परदेशातून यंत्र आलं होतं. त्याच्या खोक्याच्या फळ्या धोंडप्पा सुताराने जोडल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या. संपलेल्या बॅटऱ्यांमधला कोळसा कुटून, पाल्याच्या रसात कालवून त्याने तो मला तीन वेळा फासला. तिसऱ्या दिवशी दोघांनी मला उचलून कारखान्यांच्या पलीकडच्या वृद्धाश्रमात नेलं आणि स्वयंपाकघर आणि खाटांची खोली यांच्यामधल्या पडवीत भिंतीला ठोकलं.

आश्रमात चौतीस म्हातारी माणसं होती. त्यांची मुलं पुण्याला, हैदराबादला, दुबईला कामाला गेलेली. मुलं वाईट नव्हती, दूर होती.

ज्याच्यामुळे मी जन्मलो, त्या माणसाला मी कधी पाहिलं नाही. त्याचं नाव लिंगाप्पा. माझ्या आधी दोन महिने तो गेला होता. त्याची हकिकत मला पडवीतल्या बोलण्यातून कळली आणि तेव्हापासूनच माझ्या मनात भीतीने घर केलं.

त्या काळी आश्रमात तीन वह्या होत्या. स्वयंपाकघरातली वही चन्नव्वा कानडीत लिहायची. ती माणसांना गावावरून ओळखायची : आळंदचे अण्णा, कोहिनूरच्या अक्का. औषधांची वही मराठीत होती आणि तिच्यात कागदोपत्री असलेली नावं होती. तिसरी वही रात्रीच्या पहारेकऱ्याची. तो फक्त खाटेचा नंबर लिहायचा. तिन्ही वह्या नीट लिहिलेल्या होत्या. एका वहीत होतं, आळंदच्या अण्णांची भाकर अकरा दिवस परत आली. दुसरीत होतं, लिंगाप्पांना रक्तदाबाची गोळी रोज दिली. तिसरीत होतं, नऊ नंबरला उठताना चक्कर येते. बाराव्या दिवशी नऊ नंबरच्या खाटेवरचा माणूस न्हाणीघरात पडला आणि पुन्हा उठला नाही.

आश्रम सांभाळणारे गुरुशांतप्पा हे निवृत्त कारकून. सगळे त्यांना अप्पा म्हणत. ते चन्नव्वावर संतापले.

"अकरा दिवस माणूस जेवत न्हाई, अन् मला सांगितलं कामून न्हाई?"

"लिहिलंय की वहीत! तुमी बघितलं न्हाई त्याला मी काय करू?" चन्नव्वा म्हणाली.

औषधं देणारी तुळजा तेव्हा नवीन होती, बावीस-तेवीस वर्षांची. तिने तिन्ही वह्या पडवीतल्या जमिनीवर शेजारी शेजारी उघडून ठेवल्या. बराच वेळ ती बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "अप्पा, आळंदचे अण्णा, लिंगाप्पा अन् नऊ नंबर. आपण तिघांची काळजी करायलाव. हे तिघं न्हाईत. एकच माणूस हाय."

मित्रांनो, तुळजाचे वडील मेंढरं राखायचे. संध्याकाळी कळप वाड्यात घेताना ते आकडे मोजत नसत. एकेका मेंढराच्या तोंडाकडे, पायाकडे, पोटाकडे बघून त्याला आत सोडत. तुळजाने तीच रीत माझ्यावर आणली. प्रत्येक माणसाची एक ओळ. ओळीच्या सुरुवातीला त्याची तिन्ही नावं, कानडीत आणि मराठीत. पुढे चार रकाने : ताट, गोळी, झोप, वजन. वजन दर शनिवारी. चन्नव्वाने ताटाची खूण करायची, पहारेकऱ्याने झोपेची, आणि रोज सकाळी गोळ्या देण्याआधी तुळजाने प्रत्येक ओळ या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचायची.

अप्पा हसले. "शाळा काढायलीस काय गं?"

म्हाताऱ्यांनाही मजा वाटली. हणमंतराव काठी टेकत यायचे आणि विचारायचे, "निकाल लागला का पोरी? मी पास का नापास?"

"भाजीत नापास, अण्णा. रोज टाकून देता."

"भेंडी ठेवायलीस अन् पास व्हायला सांगायलीस व्हय?"

पण काम होऊ लागलं. नवी गोळी सुरू झाली की कोणाची भूक मरते, ते एका ओळीत दिसू लागलं. जे रात्री चार चार वेळा उठत, त्यांच्या खाटा न्हाणीघराजवळ आल्या. मऊ भात किती जणांसाठी लागेल, हे चन्नव्वाला सकाळीच कळायचं. पूर्वी वर्षाला सात-आठ माणसं पडत. २००६ साली दोनच पडली. पाहुणे आले की अप्पा त्यांना माझ्यासमोर उभं करत.

मला मात्र कौतुकाचा आनंद फार दिवस झाला नाही. कारण एक गोष्ट मला कळून चुकली होती. माझ्यावर जे लिहितात, ते खरं आहे की नाही हे मी जाऊन बघू शकत नाही. मी फक्त धरून ठेवतो. उद्या कोणी खोटं लिहिलं, तर तेही मी तेवढ्याच ठळकपणे दाखवणार.

२००७ सालच्या श्रावणात तेच झालं.

कोहिनूरच्या पद्माबाई चौदा नंबरच्या खाटेवर होत्या. वय पासष्ट, अंगात साखरेचा आजार. मुलगा सिद्धराम दुबईला ड्रायव्हर. दर पंधरा दिवसांनी त्याचा फोन यायचा. गेले चार महिने मात्र फोन आलाच नव्हता. श्रावण लागला त्या दिवशी पद्माबाईंनी चन्नव्वाला माझ्यासमोरच गाठलं.

"चन्नव्वा, लेकाचा आवाज ऐकू येईपर्यंत रात्री एकवेळच जेवीन म्हणून महादेवाला बोललेय. तू फळ्यावर दोन्ही वेळची खूण करत जा."

"अक्का, तुमाला साखर हाय! उपाशी गोळी घेतली तर पडताल की."

"तुळजाला कळलं तर ती मोडायला लावंल. अन् नवस मोडला तर कुणावर येतंय? माझ्यावर येऊ दे गं, पण त्याच्यावर येतंय. तुझं बी लेकरू पुण्याला हाय न्हवं?"

एका आईचा नवस मोडून तिच्या लेकरावर संकट आणायचं, हे चन्नव्वाच्याने होणार नव्हतं. तिने खडू उचलला आणि पद्माबाईंच्या ओळीत ताटाच्या रकान्यात खूण केली. ती खूण इतरांसारखीच दिसत होती. मला ओरडावंसं वाटलं. फळ्याला तोंड नसतं.

रोज ती खूण माझ्यावर यायची. रोज तिच्या शेजारी गोळीची खूण यायची. पहिले काही दिवस पद्माबाई सकाळी दुधाचा चहा तरी घेत होत्या. शनिवारी वजन लिहिलं गेलं : सत्तेचाळीस. पुढच्या शनिवारी साडेपंचेचाळीस. त्याच सुमारास तुळजा आळंदला बहिणीच्या बाळंतपणाला गेली. तिच्या जागी अप्पा गोळ्या देऊ लागले. ते भले माणूस होते, पण ते माझी एकच उभी रांग बघत, गोळीची. कोणाची राहिली का, एवढंच. आडवी ओळ कोणी वाचत नव्हतं. तिसऱ्या शनिवारी वजन भरलं चव्वेचाळीस. पहारेकऱ्याने झोपेच्या रकान्यात लिहिलं, दोनदा उठली, घाम. सगळं माझ्या अंगावर, एका हाताच्या लांबीत लिहिलेलं होतं. मी दिवस मोजत होतो.

तीन सप्टेंबरचा सोमवार होता. आठ वाजता अप्पांनी गोळ्या वाटल्या. साडेदहाला तुळजा पहिल्या गाडीने परत आली. पिशवी खांद्यावरून उतरवली नाही, तशीच माझ्यासमोर उभी राहून वाचू लागली. चौदाव्या ओळीवर तिचं बोट थांबलं. ताट, दोन्ही वेळा बरोबर. गोळी बरोबर. झोपेत घाम. वजन तीन किलो खाली. बोट परत पहिल्या रकान्याकडे गेलं.

"चन्नव्वा," तिने हाक मारली. चन्नव्वा पिठाच्या हातांनी उंबऱ्यात आली. "पोटभर चरलेलं अन् बरगड्या निघालेल्या, असं मेंढरू नसतंय. यातलं एक खोटं हाय. कोणतं?"

चन्नव्वा तिथेच खाली बसली. "ताट खोटं हाय गं माय. परवापासनं तिनं चहा बी सोडलाय."

"अन् आज गोळी?"

"अप्पानी दिली."

तुळजा खोलीकडे धावली. चौदा नंबरची खाट रिकामी होती.

मित्रांनो, त्यानंतरची काही मिनिटं मी फक्त ऐकली. अप्पा "पद्माबाई!" म्हणून ओरडत होते. चन्नव्वा "कोहिनूर अक्का!" म्हणून हाका मारत होती. पहारेकरी अंगणभर विचारत फिरत होता, "चौदा नंबर कुणी बघितल्या का?" तिन्ही हाका एकाच माणसासाठी होत्या, आणि एकाही हाकेला उत्तर येत नव्हतं. विहिरीकडे कोणीतरी धावलं. मला लिंगाप्पा आठवला. त्याची ओळ माझ्यावर कधी नव्हती, तरी आठवला.

पद्माबाई पाण्याच्या टाकीमागे सापडल्या. दोघांनी उचलून त्यांना माझ्या खाली आणून ठेवलं. चोळी घामाने भिजलेली, अंग गार, डोळे उघडे पण कोणाला ओळखत नव्हते. तुळजाचा हात धरून त्या म्हणाल्या, "सिद्धराम, कधी आलास रे?"

तुळजाने गुळाचा खडा कुटायला लावला, चार थेंब पाण्यात कालवला आणि तो दाट पाक त्यांच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळला. घास देऊ नका, ठसका लागेल, असं ती सगळ्यांना बजावत होती. बोटाने थोडं, पुन्हा थोडं. समोरच्या भिंतीवर घड्याळ होतं. दोन मिनिटं गेली. पाच गेली. हणमंतराव काठी धरून उभे होते, ते आज काही विचारत नव्हते. नवव्या मिनिटाला पद्माबाईंची मान लटकली आणि चन्नव्वाने हंबरडा फोडला. तुळजाचं बोट थांबलं नाही. अकराव्या मिनिटाला त्यांनी गिळलं. मग आजूबाजूला पाहिलं, जिभेवरची गोडी त्यांना कळली, आणि त्या रडू लागल्या.

"पोरी, उपास मोडलास की माझा. माझ्या लेकरावर आणलंस."

तुळजाने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. "तुमी न्हाई मोडलात, अक्का. मी मोडलाय. यायचं ते माझ्यावर येऊ दे."

मग अप्पा रिक्षा आणायला गेले, कारण त्या गोळीचा अंमल दिवसभर राहतो आणि साखर पुन्हा उतरू शकते. पद्माबाई दोन दिवस दवाखान्यात होत्या. सिद्धरामचा फोन कार्तिकात आला. त्याने मालक बदलला होता आणि नव्या ठिकाणी फोनच नव्हता. बाकी तो सुखरूप होता.

चन्नव्वाला कोणी काढलं नाही. तुळजाने माझ्यावर पाचवा रकाना आखला : उपास. डॉक्टरांना सांगून उपासाच्या दिवशीच्या गोळ्या बदलून घेतल्या. म्हाताऱ्यांना तिने सांगितलं, "महादेवाला बोला, यल्लम्माला बोला, मी अडवणार न्हाई. फक्त मला बी सांगा." पहिल्याच आठवड्यात त्या रकान्यात पद्माबाईंसकट नऊ नावं आली. नऊ, मित्रांनो! म्हणजे त्याआधी आणखी आठ ओळी खोट्या होत्या, आणि मी त्या मिरवत होतो.

२०११ साली तुळजाला लातूरच्या दवाखान्यात नोकरी लागली. चन्नव्वाही म्हातारी होऊन पुण्याला मुलाकडे गेली. आश्रमात संगणक आला. माझे पाचही रकाने त्यात आहेत, शिवाय आणखी वीस. त्याचा मला राग नाही. तो माझ्यापेक्षा खूप जास्त लक्षात ठेवतो. पण आता माणसं बावन्न आहेत आणि नोंदी करणारी ताई एकटी. ती संध्याकाळी खुर्चीत बसते, आधी सगळ्यांपुढे "होय" भरते, आणि मग जे आठवेल ते बदलते.

मला मोरीशेजारच्या अडगळीच्या खोलीत उभं केलं आहे, तोंड भिंतीकडे करून. मला आता काही दिसत नाही. पण मोरीत ताटं येतात ती ऐकू येतात. रिकामं ताट वाजतं. भरलेलं ताट वाजत नाही, दबक्या आवाजाने टेकतं.

पद्माबाई अजून इथेच आहेत. सकाळी त्यांना खोकला येतो. आज तो ऐकू आला नाही, आणि आता दुपारी मोरीत एक ताट दबक्या आवाजाने टेकलं. कोणाचं ते मला माहीत नाही. संध्याकाळी त्याच्यापुढे "होय" लिहिलं जाईल.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणी म्हातारं माणूस असेल. जेवलं का, असं दारातून विचारू नका, ते होय म्हणेल. आत जा. ताट बघा, तोंड बघा, हात हातात घेऊन बघा. आणि तुमच्यापैकी कोणी या बाजूला असेल, तर आधी इथे या. संध्याकाळ व्हायला अजून तीन तास आहेत. कोणीतरी चौदा नंबरच्या खाटेपर्यंत जाऊन या.