ओडेसा टार्व्हर यांची तीन पानं

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या आमच्या मेकन गावच्या इतिहास मंडळाने चेरी स्ट्रीटवरच्या जुन्या खरेदीच्या आठवणी छापायचं ठरवलं आणि मी कॉलेजात इतिहास शिकवतो म्हणून संपादक झालो. एक्केचाळीस पत्रं आली. त्यातली अडतीस प्रुइट्स या बंद पडलेल्या मोठ्या दुकानाच्या तिसऱ्या मजल्यावर मिळणाऱ्या चिकन सॅलडबद्दल होती. आमच्या गावाला भूतकाळ आठवतो तो बहुतेक जिभेने.

मग ओडेसा टार्व्हर आल्या. वय शहाऐंशी, डोक्यावर चर्चला जायची हॅट. एकतीस वर्षं त्यांनी प्रुइट्सची लिफ्ट चालवली होती. त्यांनी हाताने लिहिलेली तीन पानं पुढे केली. त्यांच्या लहानपणी काळ्या गिऱ्हाइकांना तिथे बूट पायात घालून बघू देत नसत. म्हणून त्यांची आई कागदी पिशवी फाडून पोरांच्या पावलांभोवती पेन्सिल फिरवायची आणि तो कागद दुकानात न्यायची. ओडेसाबाईंना बूट कायम चावायचे, कारण कागदाला पायाची उंची कळत नाही.

"फार छान, मिस ओडेसा," मी म्हणालो. "फक्त थोडं सौम्य करता येईल? नाताळच्या सजावटीबद्दल चार ओळी वगैरे?"

"काय सौम्य करू? बूट की पाय?"

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. मंडळाच्या गोऱ्या देणगीदार बायका दुखावतील, हे मी बोललो नाही. त्यांना ते ऐकू आलं. पानं घडी होऊन पर्समध्ये गेली.

पुस्तक निघालं, हातोहात खपलं. त्यात सॅलडच्या चार कृती होत्या, चारही वेगळ्या, चारही अस्सल. छापून आल्यावर मी ते सलग वाचलं. त्यात शहर नव्हतंच, नुसती भूक होती.

दोन वर्षांनी मी त्यांच्या घरी गेलो.

"दुसरी आवृत्ती काढतोय. तुमची पानं घेतो, एक शब्द न बदलता."

"उशीर केलात, प्रोफेसर. चर्चमध्ये वाचून दाखवली मी. तर आणखी सतरा जणी उठल्या. सगळ्यांच्या आयांनी पिशव्या फाडलेल्या. आता आमचंच पुस्तक निघतंय."

खुर्ची पुढे सरकवून त्यांनी मला बसायला लावलं. मी प्रस्तावना लिहून द्यायची तयारी दाखवली.

"नको हो," त्या म्हणाल्या. "तुम्ही फार गोड लिहिता."

हे त्या रागाने म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.